शंभर टक्के

“इथे सही करा,” दामलेबाई म्हणाल्या आणि सतरा नंबरचा फॉर्म त्यांनी टेबलावरून मधुकर परुळेकरच्या पुढ्यात सरकवला. वर पेन ठेवलं, तेही टोपण काढून.

सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे मुलीचं नाव शाळेतून काढायचं आणि तिने दहावीची परीक्षा बाहेरून द्यायची. पास झाली तर तिचं नशीब, नापास झाली तर तेही तिचंच. शाळेच्या निकालाला तिचा संसर्ग होत नाही. वाशीत ही शाळा निघून फार दिवस झाले नव्हते आणि पंच्याऐंशीच्या मार्चात तिची पहिलीवहिली दहावी बसायची होती.

मधुकर पेनाकडे बघत राहिला. पुढे आलेल्या कागदावर सही करायची नाही, हे त्याला आजवर कधी जमलेलं नव्हतं. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रंगाच्या कारखान्यात तो बॉयलर सांभाळायचा. तिथे एकदा संप व्हावा म्हणून युनियनने सह्या घेतल्या आणि संप होऊ नये म्हणून मॅनेजरने घेतल्या. मधुकरची सही दोन्हीकडे होती. कुणाला वाईट वाटू नये एवढाच त्याचा हेतू, आणि शेवटी दोघांनीही त्याला झापलं होतं.

“तुमच्या मुलीच्या भल्याचंच सांगतेय,” दामलेबाई म्हणाल्या. त्या मुख्याध्यापिका होत्या आणि वाईट बाई नव्हत्या. “सुचित्रा हुशार होती, मी नाही म्हणत नाही. पण जुलैपासून काय चाललंय बघताय ना? वर्गातून उठून पळते. आली तर बोलत नाही. आमचं अनुदान अडकलंय, परुळेकर. पहिल्याच वर्षी निकाल शंभर टक्के लागला तर मला वर जाऊन भांडता येईल. अनुदान नाही मिळालं तर शाळाच राहायची नाही. मग तुमच्यासारख्यांच्या मुलांनी जायचं कुठे?”

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मधुकरने पेन उचललंसुद्धा. आणि तेवढ्यात त्याला मुलीचं आठवड्यापूर्वीचं बोलणं आठवलं.

गॅलरीत दोरीवरचे कपडे काढताना ती एकदम बोलली होती. दिवसचे दिवस तोंड न उघडणारी पोर बोलली म्हणून त्याच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. “बाबा, मला शाळेत बसवत नाही. पण मला शाळेतून काढू नका.”

“का गं?”

“काढलं की मग मी खरंच तशी.”

“तशी म्हणजे कशी?”

ती कपडे घेऊन आत निघून गेली होती.

मधुकरने पेनाला टोपण लावलं आणि ते टेबलावर ठेवलं. “नाही, बाई,” तो म्हणाला. आपल्याच तोंडून हा शब्द ऐकून तो जरा दचकला. मग आणखी एकदा म्हणून बघितला. “नाही. ती शाळेत येईल.”

दामलेबाईंचा चेहरा बदलला. “ठीक आहे. पण हजेरी भरली नाही तर मी बोर्डाचा फॉर्म पाठवणार नाही. आणि मधेच वर्गातून पळाली तर त्या दिवसाची हजेरी लागणार नाही. हे मी आत्ताच सांगून ठेवते.”

“चालेल,” मधुकर म्हणाला. काय चालेल आणि कसं चालेल, याचा त्याला अजिबात पत्ता नव्हता.

बाहेर व्हरांड्याच्या छपराखाली पेंटर शिडीवर चढून दर्शनी भिंत रंगवत होता. शाळेचं नाव रंगवून झालं होतं. त्याखाली त्याने खडूने मोठी अक्षरं नुसती आखून ठेवली होती, ‘पहिली तुकडी, निकाल १०० टक्के’. परीक्षेला अजून चार महिने होते. पेंटर पुन्हा पुन्हा येत नाही म्हणून बाईंनी आखणी आधीच करून घेतली होती. रंग जूनमध्ये भरायचा होता.

*

सुचित्राचं दुखणं सुरू झालं ते जुलैच्या चाचणीत. पेपरवर नाव लिहिलं आणि हात थांबला. छाती धडधडायला लागली, कानात आवाज घुमायला लागला, आणि आपण आत्ता इथेच मरणार अशी खात्री होऊन ती जी उठली ती शाळेच्या संडासात जाऊन कडी लावून बसली. शिपाई गोटीरामने दार ठोठावून ठोठावून तिला बाहेर काढली. वक्तृत्वात ढाल मिळवलेली ही मुलगी. त्या दिवसापासून रोज सकाळी पोटात मुरडा यायचा, वेणी घालायला हात उचलायचा नाही, आणि शाळेतून घरी आली की ती भिंतीकडे तोंड करून पडायची. वर्गशिक्षक म्हणाले, अभ्यास नको म्हणून नाटकं आहेत.

तिच्या आईने, अरुणाने, आधी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. मग शेजारच्या विमलबाईंच्या सल्ल्याने गुरुवार झाले, अंगारा झाला. एकच गोष्ट तिने कसोशीने पाळली होती, कुठे बोलायचं नाही. सोसायटीत कावीळ म्हणून सांगितलं होतं. मुलीची जात, उद्या लग्नाला उभी राहील, तेव्हा कुणीतरी ही गोष्ट काढेल, या भीतीने अरुणा निम्मी झाली होती.

शेवटी मधुकरने कारखान्यात रजा टाकली आणि अरुणासोबत मुलीला खाडीपुलावरून बसने मुंबईच्या सरकारी इस्पितळात नेलं. तिथला डॉक्टर तरुण होता. आधी त्याने दोघा आईबापांना बाहेर काढलं आणि मुलीशी बराच वेळ एकटीशी बोलला. मग मधुकरला आत बोलावून म्हणाला, “हिला काही झालेलं नाही असं कुणाला म्हणू देऊ नका. झालंय. बरंही होईल, पण वेळ लागेल. गोळ्या द्या. जिथे भीती वाटते तिथे एकदम ढकलू नका आणि तिथून कायमचं पळूही देऊ नका. सोबत द्या.”

सोबत द्या म्हणजे काय करायचं, ते डॉक्टरने सांगितलं नाही. रांग फार मोठी होती.

मधुकरला आयुष्यात एकच काम येत होतं. बॉयलरसमोर स्टुलावर बसायचं आणि पाण्याच्या काचेवरून, दाबाच्या काट्यावरून नजर हलू द्यायची नाही. पाणी उतरायला लागलं तर वेळेत दिसलं पाहिजे. लोकांना ते काम वाटायचंच नाही. अरुणाचा भाऊ तर दर दिवाळीला विचारायचा, “भावजी, पगार नुसता बसायचा देतात का हो तुम्हाला?” पण वीस वर्षांत त्या बॉयलरने एकदाही दगा दिला नव्हता.

दामलेबाईंना नाही म्हणून आल्यावर त्याने सुपरवायझरकडे कायमची रात्रपाळी मागून घेतली. मागून रात्रपाळी घेणारा माणूस सुपरवायझरने प्रथमच बघितला. “घरी भांडण झालं काय रे?” त्याने विचारलं. मधुकर हसला आणि पहिल्याच दिवशी पाळी संपल्यावर घरी येऊन दोन-तीन तास पडला, उठला, डबा घेतला आणि मुलीला शाळेत सोडायला निघाला.

फाटकाशी सुचित्रा थांबली. तिने त्याच्या सदऱ्याची बाही मुठीत धरली होती. घंटा झाली, मुलं आत गेली, गोटीराम फाटक लावायला आला, तरी मूठ सुटेना.

“मी जात नाही घरी,” मधुकर म्हणाला. “समोर नाल्याच्या कठड्यावर बसतो. शाळा सुटेपर्यंत.”

“वरून दिसाल?”

“खिडकीशी बसतेस ना? बघ की.”

ती आत गेली. मधली सुट्टी व्हायच्या आत धापा टाकत बाहेर आली. “तुम्ही दिसत नव्हता,” ती रडत म्हणाली. “किती माणसं आहेत रस्त्यावर. सगळ्यांचे सदरे पांढरेच.” त्या दिवसाची हजेरी लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मधुकर कारखान्यातलं पिवळं हेल्मेट घालून कठड्यावर बसला.

*

वाशी तेव्हा अशी भरलेली नव्हती. भराव घातलेली मोकळी जमीन, मधे मधे नवं शहर वसवणाऱ्या सिडकोच्या चाळवजा इमारती, कुठेतरी लावलेलं आणि कसंबसं तगलेलं गुलमोहराचं रोप. त्या उघड्या माळावर पिवळं हेल्मेट घातलेला, डब्याची पिशवी मांडीवर घेतलेला, शाळेच्या पहिल्या मजल्याकडे टक लावून बसलेला माणूस पार मार्केटच्या नाक्यावरून दिसायचा. सुचित्राने तो दिवस पुरा केला. बोलली नाही, उत्तर दिलं नाही, पण वर्गात बसून राहिली.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी करावे गावची पुतळा नावाची बाई टोपली घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. ती सेक्टरांतून दारोदार मासळी विकायची. टोपली डोक्यावरून न उतरवताच तिने तोंड सोडलं.

“आता काय र्‍हायलंय रं मोजाला? शेती घेतलीव, मिठागरां घेतलीव, आता हा नाला पन घेतांव काय?”

मधुकर गांगरला. “मी सिडकोचा नाही हो.”

“मंग ह्यो टोप कनाचा? ह्यो टोप घालून मानसां येतात, दोन दिस बसतात न् मंग मोजनीच्या पट्ट्या काढतात. आमाला काय म्हाईत नाय?”

“माझी मुलगी आहे वर. त्या खिडकीत. मी दिसलो की ती बसते.”

पुतळाने टोपली कठड्यावर ठेवली आणि वर बघितलं. खिडकीत दोन वेण्यांची एक आकृती होती. “काय झायलाय तिला?”

अरुणाने शिकवलेलं उत्तर कावीळ होतं. मधुकरने ते गिळलं. “भीती वाटते.”

“कनाची?”

“ते तिलाही नाही माहीत.”

 पुतळा पदराने तोंड पुसत म्हणाली, “माजा दादला जमीन गेल्यावं असाच झालता. घरान बसून र्‍हायचा, भिताडाला टेकून. लोकां बोलाची, बाहेरचा हाय, भगताकरं ने. नेला. दोन कोंबडं गेलं, ह्यो हाय तिथंच.”

“मग?”

“मंग काय. हाय अजून. बरा हाय. मासली कापतं घरान.” तिने टोपली उचलली. “बस तू. आमच्या मानसांना सांगते, मोजनीवाला नाय म्हनून. नाय तं दगड मारतील कना.”

पुतळाने गावाला सांगितलं, पण वाशीला कोण सांगणार? मधुकर परुळेकरच्या डोक्यावर परिणाम झाला, ही बातमी आठवडाभरात सोसायटीच्या चारी जिन्यांतून फिरली. मुलं त्याला येता-जाता सलाम ठोकायला लागली. एक दिवस दामलेबाईंनी गोटीरामला पाठवलं.

“साहेब, बाई म्हनल्या तुमी हितं बसू नका,” गोटीराम खाली मान घालून म्हणाला. “मला टेन्शन देऊ नका. आमी काय, हुकमाचे ताबेदार.”

“रस्ता सिडकोचा आहे, गोटीराम.”

“ते मी बोललो बाईंना. मंग त्या माज्यावरच भडकल्या.”

मधल्या सुट्टीनंतर बाई स्वतः आल्या. रस्ता ओलांडताना त्यांनी पदर खोचला होता. “परुळेकर, हा काय तमाशा आहे? मुलांचं लक्ष विचलित होतं.”

“मी तर हलतसुद्धा नाही, बाई.”

“हेल्मेट काढा निदान.”

“ते काढलं तर मी कशाला बसू?”

“तुम्हाला समजत कसं नाही? ती मार्चात नापास झाली तर? सगळ्या मुलांच्या मेहनतीवर पाणी पडेल.”

मधुकर उठून उभा राहिला. बाईंसमोर बसून बोलणं त्याला बरं वाटेना. “तिची हजेरी भरतेय ना, बाई? तुम्ही सांगितलंत तेवढं आम्ही करतोय,” तो म्हणाला आणि पुन्हा खाली बसला. कारण वर खिडकीत ती बघत होती आणि हेल्मेट उंचावर गेलेलं पाहून घाबरली असती.

दामलेबाई रस्ता ओलांडून परत गेल्या.  आपण मुख्याध्यापिकेला उलट बोललो, हे मधुकरला संध्याकाळपर्यंत खरं वाटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मनातून गोडही लागत होतं.

घरी मात्र अरुणा वाट बघत होती. विमलबाई येऊन गेल्या होत्या. “त्या म्हणाल्या, वहिनी, भावजींना कुणाला तरी दाखवा, वेळेत दाखवलेलं बरं. मी काय उत्तर देऊ त्यांना? इतके दिवस जीव मुठीत धरून लपवलं मी मुलीचं, आणि तुम्ही डोक्याला पिवळी कढई लावून चव्हाट्यावर बसलात. कुठे तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीत. उद्या तिच्या लग्नाच्या वेळी विचारतील, बापाचं डोकं फिरलं होतं ना?”

“आता तिला कुणी काही म्हणत नाही,” मधुकर म्हणाला. “बघ तू. सगळे मलाच वेडा म्हणतात. म्हणू देत. बापाचं लग्न झालेलं आहे.”

अरुणाला हसू आलं आणि आलेल्या हसण्याचा राग आला. ती रडत स्वयंपाकघरात गेली आणि भांडी जोरजोरात घासायला लागली.

सुचित्रा दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. “बाबा,” ती म्हणाली, “आज मुलींनी मला विचारलं, तुझे बाबा वेडे आहेत का गं?”

 मधुकरने स्वतःचा विचार केला होता, अरुणाचा केला होता, पण वर्गात मुलीला काय ऐकून घ्यावं लागत असेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. “मग? तू काय म्हणालीस?”

“म्हटलं, हो. मग?”

“मग त्या काय म्हणाल्या?”

“काहीच नाही. त्यांना पुढे काही सुचेना.” जुलैनंतर पहिल्यांदा तिच्या ओठांचा कोपरा हलला. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता.

*

सगळं सुरळीत झालं, असं मात्र नाही. काही दिवस ती उठायचीच नाही. मधुकर तिच्या दाराशी जमिनीवर बसायचा आणि अकराची शाळा भरली की उठून सदरा खुंटीला लावायचा. काही दिवस ती फाटकापर्यंत जाऊन परत फिरायची. गोळ्यांनी तिला झोप यायची, आणि रात्रपाळ्यांनी मधुकरला. त्याचे गाल बसले, डोळ्यांखाली काळं धरलं. कारखान्यात बॉयलरसमोर तो स्वतःला चिमटे काढून जागा राहायचा. मनातून त्याला सारखं वाटायचं, हे काही निभत नाही आपल्याच्याने.

जानेवारीत पूर्वपरीक्षा आली. गणिताच्या पेपरच्या दिवशी ऊन चढलं, कठडा तापला, आणि मधुकरच्या पापण्या कधी मिटल्या ते त्याला कळलंच नाही. तो बसल्या जागी कलंडला तो कठड्यामागच्या गवतात. हेल्मेट निसटून नाल्याच्या उतारावर जाऊन पडलं. त्याला जाग आली ती कुणीतरी खांदा हलवला म्हणून.

समोर सुचित्रा उभी होती. एका हातात कंपास, दुसऱ्या हातात चिखल लागलेलं हेल्मेट.

मधुकर ताडकन उठून बसला. “काय झालं? निघून आलीस? पेपर?”

“पेपर संपला. सुट्टी झालीय.”

“मी झोपलो होतो.”

“माहितेय. दिसत नव्हता तुम्ही.”

“केव्हापासून?”

“सुरुवातीपासूनच बहुतेक.”

 ती त्याच्याशेजारी कठड्यावर बसली आणि रुमालाने हेल्मेटवरचा चिखल पुसायला लागली. “आधी वाटलं, पळावं. मग वाटलं, तुम्हाला काहीतरी झालं असेल. मग वाटलं, झोपले असतील, रात्रपाळी आहे. मग मी गणितं सोडवत बसले.”

“जमली?”

“नाही. सगळी चुकली.” तिने हेल्मेट त्याच्या डोक्यावर ठेवलं. “डबा काढा. मला भूक लागलीय.”

दोघांनी रस्त्याच्या कडेला बसून पोळीभाजी खाल्ली. शाळेची निम्मी मुलं फाटकातून त्यांच्याकडे बघत होती. सुचित्राने त्यांच्याकडे वळून बघितलं, चांगलं टक लावून बघितलं, आणि शेवटी मुलांनीच माना वळवल्या.

हजेरी भरली. दामलेबाई शब्दाच्या पक्क्या होत्या. तोंड वाकडं केलं, पण बोर्डाचा फॉर्म पाठवला.

मार्चात परीक्षेचं केंद्र भलत्याच शाळेत आलं. तिथे चारी बाजूंनी इमारती आणि उंच भिंत, रस्ता कुठूनच दिसायचा नाही. पहिल्या दिवशी मधुकर हेल्मेट घेऊन गेला आणि ती भिंत बघून ते काखेत धरून उभा राहिला.

सुचित्राही भिंतीकडे बघत होती. तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता. “तुम्ही असणार ना भिंतीमागे?” तिने विचारलं.

“शाळा सुटेपर्यंत.”

“झोपलात तरी चालेल,” ती म्हणाली आणि आत गेली.

सगळे पेपर तिने दिले. गणिताला अर्ध्याहून जास्त उत्तरपत्रिका कोरी होती, पण शेवटची घंटा होईपर्यंत ती बाकावरून उठली नाही. बाहेर आल्यावर तिला उलटी झाली. मधुकरने तिचं डोकं धरलं, पाणी दिलं, आणि दोघं बसस्टॉपवर जाऊन उभी राहिली.

*

जूनमध्ये निकाल लागला. सुचित्रा गणितात नापास झाली होती. बाकी सगळ्या विषयांत पास, मराठीत तर चांगले मार्क होते. आणि तिच्या वर्गातली बाकीची सगळी मुलं पास झाली होती, एकूण एक.

सोसायटीत दुपारपासून पेढ्यांची ताटं फिरत होती. परुळेकरांच्या दारावरून ती दबक्या पावलांनी पुढे जायची. विमलबाईंचा भाचाही त्याच वर्गात होता. त्यांनी येऊन पेढा दिला आणि अरुणाच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, “होतं असं. आजारपणामुळे झालं हो. कावीळ वाईटच.”

त्या गेल्या. मधुकर खुर्चीत बसला होता. त्याला दामलेबाईंचा चेहरा दिसत होता. सही केली असती तर बाईंचा निकाल शंभर टक्के लागला असता, आणि मुलीच्या कपाळी हा शिक्का बसला नसता. आपल्याला कोणी शहाणपण सांगितलं होतं, असं त्याला मनापासून वाटलं. सुचित्रा गॅलरीत पाठमोरी उभी होती.

अरुणा उठली. तिने कपाटातून चांगलं लुगडं काढलं, नेसली, वेणी घातली आणि पिशवी घेतली.

“कुठे निघालीस?” मधुकरने विचारलं.

“पेढे आणायला.”

“कसले पेढे?”

“दहावीचे. पास झाल्याचे सगळेच वाटतात.” तिचा आवाज चिरला, तो तिने सावरला. “त्या जुलैत माझी मुलगी संडासात कडी लावून बसली होती. कडी काढून ती बाहेर आली, त्याचे पेढे. शेवटच्या घंटेपर्यंत बाकावर बसली, त्याचे. मला आता लपवालपवी होत नाही, अहो. दमले मी.”

घरोघर आधी तीच गेली. विमलबाईंचं दार तिने सगळ्यात पहिलं वाजवलं. “सुचित्रा गणितात नापास झाली, विमलबाई, बाकी पास. घ्या पेढा. आणि तिला कावीळ नव्हती. मन आजारी होतं तिचं, मुंबईच्या डॉक्टरांचं औषध चालू आहे.” विमलबाईंनी पेढा हातात घेतला आणि त्या उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. तोंडात घालावा की नाही, ते त्यांना ठरवता येत नव्हतं.  खोका उघडून पुढे धरण्याचं काम तिसऱ्या दारानंतर मागून आलेल्या सुचित्राने आपल्याकडे घेतलं.

दुसऱ्या दिवशी उरलेला खोका घेऊन मधुकर आणि सुचित्रा शाळेत गेले. दामलेबाई टेबलाशी एकट्याच बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली आणि मधुकरला पाहून त्यांचे डोळे एकदम थकल्यासारखे झाले.

सुचित्राने खोका पुढे केला.  “बाई, पेढा घ्या.”

“कशाचा गं?”

“नापास झाले त्याचा. गणितात. बाकी पास आहे.”

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. “तुला कळतंय का, तुझ्या एकटीमुळे काय झालं ते?”

“कळतंय, बाई,” सुचित्रा म्हणाली. “मला वाईट वाटतं. पण मी परीक्षेला बसले. ऑक्टोबरला परत बसणार आहे, याच शाळेतून. फॉर्म कधी भरायचा ते विचारायला आलेय.”

  दामलेबाईंनी बराच वेळ खिडकीबाहेर, समोरच्या रिकाम्या कठड्याकडे बघितलं. मग एक पेढा उचलला आणि खाल्ला नाही, कागदात बांधून टेबलाच्या खणात ठेवला.

“पुढच्या सोमवारी ये,” त्या म्हणाल्या. “गणिताच्या सरांना मी सांगून ठेवते. मधल्या सुट्टीत बसत जा त्यांच्याकडे.”

बाहेर व्हरांड्यात गोटीराम शिडीवर चढला होता. एका हाताने भिंतीला टेकून दुसऱ्या हातातल्या ओल्या फडक्याने तो खडूने आखलेले आकडे पुसत होता. शिडी जुनी होती आणि एका पायाने डुगडुगत होती. मधुकरने पुढे होऊन ती दोन्ही हातांनी धरली.

“पेढा घ्या, गोटीरामकाका,” सुचित्रा खालून म्हणाली.

“आपन पास ना?”

“नापास.”

गोटीरामने वरून खाली बघितलं, तिच्याकडे आणि मग मधुकरकडे. त्याचे हात खडूच्या पाण्याने पांढरे झाले होते. तो दोन पायऱ्या उतरला आणि त्याने तोंड पुढे केलं. सुचित्राने टाचा उंचावून पेढा त्याच्या तोंडात घातला. तो चावत चावत गोटीराम पुन्हा वर चढला आणि राहिलेलं शून्य पुसायला लागला, आणि मधुकर शिडी धरून उभा राहिला.